धुळीच्या मुलखात निर्मळ खोली

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्याने पुन्हा लिहून दिला आहे.)



औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संस्थेने एक क्लीनरूम, म्हणजे निर्धूळ व निर्जंतुक खोली, बांधावी असा विचार कार्यकारिणीत चालू आहे. माझे उभे आयुष्य अशा खोल्या बांधण्यात आणि सांभाळण्यात गेले असल्यामुळे त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी अध्यक्षांनी आज्ञा केली. समारंभात वेळ थोडा होता. म्हणून जे बोललो ते आणि जे बोलायचे राहून गेले ते, दोन्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. वाचकांपैकी काहींनी या कामासाठी वर्गणी दिली आहे, काहींची मुले-मुली उद्या त्या खोलीत शिकणार आहेत. आपला पैसा नेमका कशावर खर्च होणार, हे समजून घेण्याचा आपला हक्क आहे.

प्रथम एक घरगुती आठवण सांगतो. माझे अब्बा नांदेडला जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर आणि कानांच्या पाळ्यांवर रुईचा पांढरा थर बसलेला असे. अम्मी त्यांना तसेच घरात येऊ देत नसे. ओसरीवर थांबायचे, टोपी झटकायची, सदरा काढून बाहेरच्या खुंटीला अडकवायचा, हातपाय धुवायचे, धुतलेले कपडे अंगात घालायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. घरात तान्हे मूल होते आणि त्याला सारखा खोकला होता, एवढेच तिचे कारण. पुढे मी इंजिनियर झालो. मोठमोठ्या कारखान्यांचे नकाशे हाती आले, तेव्हा त्यांत प्रवेशकक्ष, कपडे बदलण्याची पहिली खोली, दुसरी खोली अशी नावे वाचली. मनात आले, ही तर आमची ओसरी! अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण क्लीनरूमचे पहिले तत्त्व तिला ठाऊक होते. ते असे की, घाण झाडून काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणे सोपे असते.

आपला मुलूख धुळीचा आहे. नांदेडला कापसाची रुई आणि लातूरला डाळीचा भुसा. लातूरच्या डाळमिलच्या बाजूने दुपारी कोणी गेला तर परत येताना त्याच्या जिभेवर तुरीची चव असते. उन्हाळ्यात काळ्या शेतांवरून वावटळ उठते, ती वेगळीच. अशा ठिकाणी निर्मळ खोली बांधायची म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे देतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. क्लीनरूममध्ये अर्ध्या मायक्रॉनचे कण मोजतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, कवडशातही नीट दिसत नाहीत. आयएसओ १४६४४ हे जे आंतरराष्ट्रीय मानक आज वापरात आहे, त्याच्या पाचव्या वर्गाच्या खोलीत एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असे ३,५२० पेक्षा अधिक कण चालत नाहीत. सातव्या वर्गात ३,५२,००० चालतात आणि आठव्यात ३५,२०,०००. ही पस्तीस लाखांची हवासुद्धा आपल्या बाजारातल्या हवेपेक्षा स्वच्छ असते. मी हे लिहितो आहे त्या साध्या खोलीत, पंखा चालू असताना, ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असेल.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गोळी तोंडावाटे पोटात जाते. तेथे आम्ल आहे, आतड्यांचे संरक्षण आहे. इंजेक्शन मात्र थेट रक्तात किंवा मांसात जाते आणि डोळ्यांतले थेंब थेट डोळ्यांत पडतात. वाटेत कोणी पहारेकरी नसतो. धुळीच्या कणावर बसून एखादा जंतू कुपीत शिरला, तर त्याला अडवणारे पुढे कोणी नाही. म्हणून पहारा कुपी भरण्याच्या जागीच बसवावा लागतो.

हा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईला प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा चालू झाली. तेथून लाखो लोकांसाठी लस जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हे सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या बाटलीवर ५३-एन असे चिन्ह होते. दोष परळच्या प्रयोगशाळेचा धरून हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. पुढे कागदपत्र पुन्हा तपासले गेले तेव्हा असे निघाले की, त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो रीतसर निर्जंतुक न करता तसाच बुचाला लावला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली ही की, एका चिमट्याला लागलेली माती एकोणीस जीव घेऊ शकते. दुसरी अशी की, बाटलीवर क्रमांक होता, कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले हे लिहिलेले होते, चिमटा पडल्याचे सांगणारे कोणी होते, म्हणूनच पाच वर्षांनी का होईना सत्य बाहेर आले. नोंद नसती तर निरपराध माणूस कायमचा दोषी राहिला असता. या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

त्यानंतर महाराष्ट्रात औषधांचा मोठा उद्योग उभा राहिला. १९३५ मध्ये डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्लाची स्थापना केली. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी त्या कारखान्याला भेट दिली होती. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्या मराठवाड्यात हा उद्योग आला तो मुख्यतः आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादला. वोक्हार्ट, अजंता फार्मा यांसारख्यांचे कारखाने त्या जिल्ह्यात आहेत. नांदेड-लातूरची मुले मात्र नोकरीसाठी एक तर तिकडे जातात किंवा हैदराबादला. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो, त्यामुळे ती वाट आपल्या पायाखालची आहे.

आजची क्लीनरूम ज्या युक्तीवर चालते ती अमेरिकेत विलिस व्हिटफील्ड यांनी शोधली. हे गृहस्थ कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे चिरंजीव, हे नांदेडकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्यांच्या आधीही स्वच्छ खोल्या होत्या. तेथे झाडणे, पुसणे, पांढरे कपडे हे सर्व होते, पण उडालेली धूळ आतल्या आत फिरत राही. १९६०च्या सुमारास व्हिटफील्ड यांनी विचार केला की, हवेलाच झाडू करावे. गाळलेली हवा सरळ, संथ, एकाच दिशेने खोलीभर वाहती ठेवावी, म्हणजे उडालेला कण फिरत बसणार नाही, वाहून जाईल. पहिल्या प्रयोगात धूळ मोजणाऱ्या यंत्राचा काटा शून्याजवळ आला, तेव्हा यंत्रच बिघडले असे सर्वांना वाटले! १९६२ मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत शस्त्रक्रियागृहे, औषधांचे कारखाने, उपग्रहांच्या कार्यशाळा अशा सर्व ठिकाणी पोहोचली.

ती हवा गाळण्यासाठी जी जाळी वापरतात तिला हेपा फिल्टर म्हणतात. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा कागद घड्या घालून चौकटीत बसविलेला असतो. ०.३ मायक्रॉनचे दहा हजार कण आले तर फार तर तीन आत जातील, असे त्याचे माप आहे. कण याहून बारीक असला तर तो सहज निसटेल असे वाटते, पण तसे होत नाही. फार बारीक कण हवेत सरळ जात नाहीत, डगमगत जातात आणि तंतूला चिकटतात. मोठे कण आपल्या जडपणामुळे आपटतात. मधल्या मापाचा कणच सर्वांत चलाख. म्हणून परीक्षा त्याची घेतात.

आता प्रत्यक्ष योजनेकडे येतो. खोली कशी बांधावी हे विचारण्यापूर्वी कार्यकारिणीने कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत, अशी माझी विनंती आहे.

पहिला प्रश्न, आत काय करणार? इंजेक्शनची कुपी भरणे शिकविणार, डोळ्यांचे थेंब, की नुसत्या गोळ्या? गोळ्यांसाठी लागणारी खोली आणि उघडी कुपी भरण्याची जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्ग जितका वरचा, तितकी हवा अधिक, यंत्रे मोठी आणि विजेचे बिल जबर. गरज नसताना वरचा वर्ग मागणे म्हणजे विहिरीतून तांब्याभर पाणी काढायला दहा घोड्यांचा पंप लावणे.

दुसरा प्रश्न, हवा कोणीकडे वाहणार? साधारणतः आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ आत येत नाही. दोन खोल्यांच्या दाबात १० ते १५ पास्कलचा फरक पुरतो. १० पास्कल म्हणजे पाण्याची जेमतेम एक मिलिमीटर उंची. एवढ्याशा दाबावर सगळी इमारत उभी असते! पण पेनिसिलिनसारख्या औषधाची भुकटी बाहेर गेली तर कोणाला जिवावरचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्याचे काम स्वतंत्र जागी करतात आणि भुकटी बाहेर पडणार नाही अशा रीतीने दाब बांधतात. क्षयाच्या जंतूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतही हवा बाहेरून आत ओढतात. तेव्हा औषध माणसापासून वाचवायचे आहे की माणूस औषधापासून, हे आधी ठरवावे. ते ठरल्याशिवाय एकही भिंत नकाशावर काढू नये.

तिसरा प्रश्न, माणसाची वाट कोणती आणि मालाची कोणती? माणूस एका बाजूने येईल, टप्प्याटप्प्याने कपडे बदलेल. माल दुसऱ्या बाजूने, भिंतीतल्या दोन दारांच्या पेटीतून येईल. त्या पेटीची दोन्ही दारे एकदम उघडता येत नाहीत. तयार माल आणि रिकाम्या कुप्या यांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत. हे सर्व ठरविण्याचा एक बिनखर्ची उपाय सांगतो. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये फरशीवर खडूने खऱ्या मापाच्या खोल्या आखा. दाराच्या जागी बाके ठेवा. दहा विद्यार्थ्यांना हातात ट्रे देऊन दिवसभर त्या वाटांनी फिरू द्या. कोठे टक्कर होते, कोठे रांग लागते, कपडे बदलण्याच्या खोलीत दोन माणसे वाकली की कशी एकमेकांना लागतात, ते संध्याकाळपर्यंत कळेल. खडूची रेघ पुसायला ओले फडके पुरते. बांधलेली भिंत पाडायला मजूर लागतात.

त्यानंतर जागा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेताला पडलेल्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याच भेगा फरशीवर उमटतात. साध्या घरात भेग दिसली तर आपण सिमेंट भरतो. क्लीनरूममध्ये भेग म्हणजे जंतूंचे घर. म्हणून पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा, फरशीखालची काळी माती काढून मुरूम धुमसून भरावा. माती फार खोल असेल तेथे खाली फुगीर बुंधा असलेले खांब घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यांचा आपल्या देशात प्रसार केला. लातूरच्या वाचकांना भूकंपाविषयी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. छताला टांगलेल्या हवेच्या नळ्या, दिवे आणि फिल्टर यांना आडवे ताण देऊन बांधावे. भिंती उभ्या राहिल्या आणि छतातला सांधा सुटला, तरी खोली गेलीच म्हणून समजा.

पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. ते औषधासाठी वापरण्याजोगे करताना शुद्धीकरणाचे यंत्र बरेचसे पाणी क्षारांसह बाजूला टाकते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ते बाजूचे पाणी गटारात सोडणे मला तरी पाप वाटते. ते संडासांना, फरशी धुण्याला वापरता येईल अशी वेगळी नळी पहिल्या नकाशातच दाखवावी. मागाहून ती कोणी घालीत नाही, हा माझा अनुभव आहे.

विजेचेही तसेच. वीज गेली की पंखे थांबतात, पंखे थांबले की दाब पडतो आणि दाब पडला की बाहेरची हवा फटीफटीतून आत येते. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतची मिनिटे मोजावीत, आणि वीज परत आल्यावर खोली पुन्हा निर्मळ व्हायला किती वेळ लागतो तेही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत ती पूर्ववत व्हावी अशी अपेक्षा असते. ताज्या हवेचे तोंड रस्त्याच्या, जिनिंगच्या किंवा डाळमिलच्या दिशेला ठेवू नये. आणि आपल्याकडे हवेतला दमट-कोरडेपणा ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी, ऑगस्टमध्ये ओली. पावसाळ्यात हवा आधी खूप गार करून तिच्यातले पाणी काढतात आणि मग पुन्हा थोडी गरम करतात. हा दुहेरी खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर पहिल्याच श्रावणात घोटाळा होतो.

बांधकामाविषयी थोडक्यात सांगतो. भिंती गुळगुळीत, धुता येतील अशा हव्यात. हल्ली तयार तक्त्यांच्या भिंती मिळतात. भिंत आणि फरशी जेथे मिळतात तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, म्हणजे फडके नीट फिरते. खिडकीची काच भिंतीच्या पातळीत असावी, तिला धूळ बसायला कठडा नको. दिवे छताच्या पातळीत हवेत. कुपी भरण्याच्या मुख्य खोलीत मोरी किंवा नळ अजिबात नको. फरशीवरचा लेप काँक्रीट पुरते वाळल्यावरच द्यावा. किमान चार आठवडे थांबावे. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या काँक्रीटवर दिलेला लेप वर्षाच्या आत फुगून सुटलेला मी पाहिला आहे. हवेच्या नळ्या आणताना दोन्ही तोंडे प्लास्टिकने बांधून आणाव्यात, आणि हेपा फिल्टर सर्वांत शेवटी, सुतार, गवंडी, रंगारी सगळे गेल्यावर, तीनदा धुऊन पुसून झाल्यावर बसवावेत. कोरा फिल्टर बसवून मग भिंत घासायला घेणे म्हणजे नवा शर्ट घालून कोळसा फोडायला बसणे.

सर्व झाल्यावर परीक्षा. धूर सोडून हवा कोणीकडे जाते ते पाहतात. फिल्टरच्या कडेने गळती आहे का ते तपासतात. कण मोजतात. उघड्या थाळ्या ठेवून जंतू किती पडतात ते पाहतात. शेवटी औषधाऐवजी जंतूंना आवडेल असा पोषक द्रव कुप्यांत भरून त्या काही दिवस उबेत ठेवतात. एकाही कुपीत गढूळपणा आला तर कारण शोधावे लागते. या तपासण्या एकदा करून संपत नाहीत, ठराविक मुदतीने करतच राहाव्या लागतात. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरमध्ये औषध कारखान्यांसाठीचे शेड्युल एम हे नियम सुधारून अधिक कडक केले. आपली मुले ज्या कारखान्यांत जाणार तेथे हेच विचारले जाणार आहे.

आता माणसांविषयी. या खोलीतली सर्वांत मोठी धूळ भिंतीतून येत नाही, ती आपल्या अंगातून येते. माणूस नुसता चालला तरी त्याच्या त्वचेचे आणि कपड्यांचे लाखो कण दर मिनिटाला उडतात. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत न सुटणाऱ्या धाग्याचा पोशाख, हातमोजे, मुखपट्टी. अंगठी, घड्याळ, बांगड्या, पावडर, नखांचा रंग आत चालत नाही. पालक मला दोन प्रश्न नेहमी विचारतात. मुलाला दाढी काढावी लागेल का? नाही. दाढीसाठी वेगळे आच्छादन मिळते आणि नियमांतही दाढी झाकण्याचेच सांगितले आहे. मुलीला डोके झाकून काम करता येईल का? तेथे तर सर्वांनाच डोके, कान, मान झाकावी लागते. उलट सांगतो, या कामाला सावकाश चालणारा, कमी बोलणारा, हात स्थिर असलेला माणूस लागतो आणि मी पाहिलेल्या कुप्या भरणाऱ्यांत सर्वांत उत्तम हात मुलींचेच होते.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. समारंभात ती सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहून देतो. मी तेवीस वर्षांचा होतो आणि एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. दर तासाला जाऊन दाबमापकाचा काटा पाहायचा आणि वहीत आकडा लिहायचा, एवढे साधे काम. महिनोन् महिने काटा पंधरावरच असे. एका रात्री कंटाळून मी पुढच्या सर्व तासांसमोर पंधरा, पंधरा, पंधरा असे लिहून ठेवले आणि डोळा लागू दिला. पहाटे पाहिले तो काटा शून्यावर. पंख्याचा पट्टा तुटला होता. वरिष्ठ आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वही उघडून एवढेच विचारले, "किती वाजता तुटला?" मला सांगता येईना. खरी नोंद असती तर शेवटच्या तासाचा माल तेवढा बाजूला काढता आला असता. माझ्या खोट्या पंधरांमुळे सबंध पाळीचा माल नष्ट करावा लागला. मला कामावरून काढले असते तरी ते योग्यच झाले असते. त्यांनी मला नष्ट करावयाच्या कुप्या मोजायला बसविले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी मोजीत होतो. प्रत्येक कुपी म्हणजे कोणा तरी आजाऱ्याचे औषध होते. आणि काटा मी पाहिलाच नसता, वही भरलेली दिसली म्हणून तो माल बाहेर गेला असता, तर काय झाले असते, हा विचार आज इतक्या वर्षांनीही मला रात्री जागा करतो.

म्हणून पूर्ण विचारान्ती कार्यकारिणीपुढे माझे म्हणणे असे आहे. मोठ्या कारखान्याची नक्कल करू नका. कपडे बदलण्याच्या दोन खोल्या, एक काम करण्याची खोली आणि तिच्यात गाळलेल्या हवेचे एक टेबल, एवढे शिकविण्यास पुरेसे आहे. जमलेला सर्व निधी बांधकामात घालू नका. वीज, फिल्टर, पोशाखांची धुलाई आणि वार्षिक तपासणी यांसाठी निम्मी रक्कम वेगळी ठेवा. हे ज्यांना जमत नाही त्यांच्या क्लीनरूम तीन-चार वर्षांत जुन्या बाकांची अडगळ होतात. देणगीदारांच्या नावांची पाटी जरूर लावा, पण ती बाहेरच्या भिंतीवर. उद्घाटनाला फुले, हार, अगरबत्ती आणि पाहुण्यांची गर्दी आत नेऊ नका. काचेतून पाहू द्या.

आणि बांधकामाला हात घालण्यापूर्वी एक सबंध शैक्षणिक वर्ष त्या खडूने आखलेल्या हॉलमध्येच वर्ग चालवा. तेथेच मुलांना कपडे चढविण्याचा क्रम, हात धुण्याची रीत, सावकाश चालणे शिकवा. एका खांबावर साधा तापमापक लावा आणि दर तासाला त्याची नोंद ठेवायला सांगा. ज्याला तास चुकला त्याने तेथे रेघ मारावी आणि 'पाहिले नाही' असे लिहून खाली सही करावी. तसे लिहिणाऱ्याला कोणी रागावू नये, ही जबाबदारी शिक्षकांची. वर्षाच्या शेवटी त्या वह्या कार्यकारिणीने पाहाव्यात. सगळी पाने भरलेली आणि सगळे आकडे सारखे दिसले, तर बांधकाम आणखी एक वर्ष पुढे ढकलावे. अधूनमधून 'पाहिले नाही' असे लिहिलेले आढळले, तर खुशाल पाया खणायला घ्यावा. ती मुले त्या खोलीला लायक झाली, असे मी समजेन.

वह्या तपासायला मला बोलावलेत तर मी येईन. प्रवासखर्च नको.